खात्री कुणाची मोजताय?

‘गरज असेल तेव्हाच आणि सांगितल्याप्रमाणेच अँटीबायोटिक घ्यायचं, हे तुम्हाला जमेल याची किती खात्री आहे?’ खाली पाच गोल. पहिला ‘अजिबात नाही’, शेवटचा ‘पूर्ण खात्री’. एकावर बोट ठेवा आणि पुढच्या प्रश्नाकडे जा.

मोठी माणसं अँटीबायोटिक नीट वापरतात का, हे शोधायला या धाटणीचे प्रश्न विचारले जातात. उत्तरांची सरासरी निघते, सरासरीचा आलेख होतो, आणि आलेखाखाली एक वाक्य येतं : लोकांमध्ये जागृती वाढवण्याची गरज आहे. मग पोस्टर छापलं जातं. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागतं, पावसाळ्यात त्याचा एक कोपरा सुटतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच प्रश्नावली येते.

मला या प्रश्नावलीशी भांडायचं आहे. हा आकडा निरुपयोगी असता तर सोडून दिला असता. पण तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो, आणि ज्यांना जाब विचारायला हवा त्यांना आरामात सुटू देतो.

मी अणदूरचा. तुळजापूर तालुका, धाराशिव जिल्हा, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं गाव. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्या कामाचा निम्मा भाग मोजण्याचा आहे : सर्व्हर किती वेळात उत्तर देतो, किती विनंत्या फसल्या, कुठल्या मिनिटाला काय बिघडलं. या कामात कुणी सर्व्हरला ‘तुला स्वतःबद्दल किती खात्री आहे’ असं विचारत नाही. आम्ही लॉग उघडतो. काय घडलं ते बघतो. माणसाच्या बाबतीत मात्र, तेही जीवनमरणाच्या औषधाच्या बाबतीत, आपण लॉग बाजूला ठेवून मनोगत का विचारतो?

नेहमी पास होणारी टेस्ट

आधी या पट्टीला तिचं श्रेय देऊ. लोकांचा कल एक ते पाच अशा आकड्यांत मोजायची रीत रेन्सिस लायकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. ‘हे मला जमेल’ ही भावना माणसाच्या वागण्यावर परिणाम करते, हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. बिडी सोडायची असेल तर ही पट्टी खरंच उपयोगी आहे. बिडी ओढली की नाही हे माणसाला स्वतःला कळतं. हरलो तर हरलो हेही त्याच दिवशी कळतं. खात्री आणि वास्तव यांची रोज गाठ पडते.

अँटीबायोटिकचं तसं नाही. साधी सर्दी, घसा धरणं, कणकण हे बहुतेक वेळा विषाणूचं काम. अँटीबायोटिक जीवाणूंवर चालतं, विषाणूंवर चालत नाही. सर्दी काही केलं नाही तरी आठवड्याभरात उतरते. आता माणूस गोळी कधी घेतो? पहिल्या दिवशी अंगावर काढतो, दुसऱ्या दिवशी आल्याचा चहा पितो, तिसऱ्या दिवशी ‘आता काही खरं नाही’ म्हणत मेडिकलमध्ये जातो आणि अझिथ्रोमायसिन पाचशेच्या तीन गोळ्या घेतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटायला लागतं. ते तसंही वाटणारच होतं. पण श्रेय गोळीला जातं. ‘गुण आला.’

आमच्या धंद्यात अशा टेस्टला काडीची किंमत नसते. कोडमध्ये काहीही लिहा, टेस्ट पासच होते. ती लिहिणाऱ्याला फक्त समाधान देते. विषाणूच्या तापावर अँटीबायोटिक ही तशीच कायम पास होणारी टेस्ट आहे. जो माणूस आयुष्यात वीस वेळा ही टेस्ट पास झाला, त्याची खात्री पाचपैकी पाच असणार. त्यात तो खोटं बोलत नाही. त्याच्या अनुभवाने त्याला हेच शिकवलं आहे. म्हणजे प्रश्नावलीतली खात्री कदाचित एवढंच सांगते, की या माणसाने आजवर किती वेळा गोळी घेतली आणि किती वेळा तो आपोआप बरा झाला. योग्य वापराशी तिचा संबंध उलटासुद्धा असू शकतो.

उत्तरपत्रिकाच बदलते तेव्हा

‘बरं, मग खात्री नको, ज्ञान मोजू,’ असं कुणी म्हणेल. तेही मोजून झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये १२ देशांत लोकांची पाहणी केली. त्यात भारतातून १,०२३ जणांना ऑनलाइन प्रश्न विचारले. सर्दी आणि फ्लू अँटीबायोटिकने बरे होतात असं त्यांतल्या ७५ टक्के लोकांना वाटत होतं. सांगितलेला कोर्स पूर्ण झाल्यावरच गोळ्या थांबवायच्या, हे ५८ टक्क्यांना माहीत होतं. या आकड्यांच्या बातम्या झाल्या. ‘भारतीय अडाणी’ असा त्यांचा सूर काढणं सोपं होतं.

पण त्याच पाहणीत आणखी दोन आकडे आहेत. भारतातल्या ७६ टक्के लोकांनी मागच्या सहा महिन्यांत अँटीबायोटिक घेतलं होतं, आणि घेतलेल्यांपैकी ९० टक्के म्हणाले की ते आम्हाला डॉक्टर किंवा नर्सने दिलं. हे उत्तर देणारे लोक ऑनलाइन होते, म्हणजे शहरी, शिकलेले जास्त असणार, हे मान्य. पण त्यांचं म्हणणं खरं धरलं, तर दोष कुणाच्या डोक्यात शोधायचा? डॉक्टरने सर्दीला गोळी दिली, माणसाने ‘सर्दीला ही गोळी चालते’ असं समजून घेतलं. विद्यार्थ्याने गुरुजींनी शिकवलं तेच पेपरात लिहिलं आणि आपण विद्यार्थ्याला नापास केलं.

कोर्स पूर्ण करण्याचंच बघा. तो प्रश्न विचारला गेला तेव्हा ‘कोर्स संपेपर्यंत’ हेच बरोबर उत्तर होतं. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी लेख लिहिला की कोर्स पूर्ण न केल्याने जीवाणू निर्ढावतात याला भक्कम पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्यानेच ते निर्ढावण्याची शक्यता अधिक. याचा अर्थ तुम्ही उद्या टीबीच्या गोळ्या मध्येच सोडा असा अजिबात नाही. टीबीत तसं करणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरने दिवस सांगितले असतील तर तेवढे दिवस घ्यायच्या, हेच आजही खरं. पण ज्या प्रश्नाच्या बरोबर उत्तरावर तज्ज्ञांचंच एकमत नाही, त्यात नापास झाल्याबद्दल अणदूरच्या शेतकऱ्याला का बोलायचं?

भाषेचीही एक गंमत आहे. अँटीबायोटिकला मराठीत प्रतिजैविक म्हणायचं. जीवाणू त्याला दाद देईनासे झाले की त्याला ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ म्हणायचं. हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं? रोगप्रतिकारशक्ती. म्हणजे काहीतरी चांगलं, वाढवायला हवं असं. २०१५ च्या त्या पाहणीत १२ देशांतल्या ७६ टक्के लोकांना वाटत होतं की माणसाचं शरीर औषधाला निर्ढावतं. आमच्याकडेही ‘अंगाला गोळीची सवय झाली’ असंच म्हणतात. निर्ढावतो तो जीवाणू, अंग नव्हे. आपण शब्दच असा निवडलाय की तो ऐकणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेतो. मग चुकलेल्या वाटसरूंची टक्केवारी काढायची, याला अभ्यास म्हणायचं का?

देवाचा करार आणि मेडिकलचं रजिस्टर

अणदूरच्या खंडोबाची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. देव एक, ठिकाणं दोन. सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गात, मैलारपूरला. देव हलवायच्या वेळी दोन्ही गावांचे मानकरी बसतात, लेखी करार होतो आणि मगच पालखी निघते. कुणाचा कुणावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मोलाची वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कागद असावा, एवढं शहाणपण आमच्या आज्या-पणज्यांकडे होतं.

सरकारकडेही कागदावर ते आहे. अझिथ्रोमायसिन ‘शेड्यूल एच’मध्ये येतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. सेफिक्झिमसारखी त्याहून जपून वापरायची औषधं ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. ही यादी ऑगस्ट २०१३ मध्ये निघाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तेव्हा तिच्यात ४६ औषधं होती. नियम असा की दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं. लिहून देणारा डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं याची नोंद करायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम काढली : लाल रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ती रेघ फक्त अँटीबायोटिकवर नसते, तर चिठ्ठीच्या इतर औषधांवरही असते. म्हणजे रेघ बघून अँटीबायोटिक ओळखता येईलच असं नाही. तरीही काही नसण्यापेक्षा बरं.

आता कुठल्याही तालुक्याच्या गावात, अगदी पुण्यातसुद्धा, मेडिकलच्या काउंटरसमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. देवाला हलवायला करार लागतो. अझिथ्रोमायसिनला ‘घशाचं काहीतरी द्या’ एवढं पुरतं.

आणि हे घेणारा मूर्ख नसतो. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा विचार करा. कामाला एक दिवस दांडी म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ताप आला तर त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, काम बुडवून डॉक्टरकडे जायचं, फी द्यायची, रक्त तपासायचं, अहवालाची वाट बघायची. दुसरी, मेडिकलमधून ‘पॉवरची’ गोळी घ्यायची आणि दुपारी कोयता हातात धरायचा. तीन गोळ्यांच्या जागी दोनच परवडल्या तर दुकानदार स्ट्रिप कापून देतो. या माणसाला ‘योग्य वापराबद्दल किती खात्री आहे’ हे विचारणं म्हणजे ज्याच्या घरी नळ नाही त्याला पाणी जपून वापरण्याबद्दल विचारणं. त्याला खात्री आहे. पर्याय नाही.

डॉक्टरचीही बाजू आहे. गावात डॉक्टरची किंमत हातगुणावर ठरते. पॅरासिटामॉल देऊन ‘तीन दिवसांनी या’ म्हणणाऱ्याचा हातगुण चांगला नाही, असं पारावर ठरतं. पेशंट शेजारच्या डॉक्टरकडे जातो, तिथे सुई आणि चार रंगांच्या गोळ्या मिळतात. पहिल्या डॉक्टरने पुढच्या वेळी काय करावं अशी अपेक्षा आहे?

खात्री मोजायचीच असेल तर डॉक्टरांची मोजून झाली आहे, आपल्याच महाराष्ट्रात. १९९१ मध्ये मुंबईतल्या १०० खाजगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली. त्यांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले. २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या, आणि बरोबर लिहिणारे फक्त ६. टीबीची औषधंही जीवाणूंविरुद्धचीच औषधं आहेत. पाच गोलांची पट्टी या डॉक्टरांपुढे ठेवली असती, तर किती जणांनी ‘अजिबात खात्री नाही’वर बोट ठेवलं असतं? त्या अभ्यासाने हा प्रश्न विचारला नाही. त्याने चिठ्ठी मागितली. म्हणून आपल्याला खरं कळलं.

आर, आर, आर

गेल्या वर्षी आमच्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या चुलतीला, लघवीचं इन्फेक्शन झालं. ताप उतरेना म्हणून सोलापूरला नेलं. लघवीची कल्चर तपासणी झाली. तो अहवाल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : डावीकडे औषधांची नावं आणि प्रत्येक नावासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे हे औषध जीवाणूला मारेल. ‘आर’ म्हणजे जीवाणू त्याला जुमानत नाही. तिच्या कागदावर वरपासून खाली आर, आर, आर. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी एकही चालणार नव्हती. शेवटी शिरेतून द्यायच्या इंजेक्शनवर आलं आणि दवाखान्यात राहावं लागलं. ती बरी झाली. बिल भरायला एक म्हैस विकावी लागली.

तिला ती प्रश्नावली दिली असती, तर तिने पहिल्याच गोलावर बोट ठेवलं असतं. ‘मला काय कळतंय बाबा, डॉक्टरनं दिल्या तेवढ्या खाल्ल्या,’ एवढंच ती म्हणते. आयुष्यात स्वतःहून मेडिकलमधून गोळी आणणारी ती नव्हे. गोळ्या वेळेवर, मोजून खाणारी बाई. योग्य वापर म्हणतात तो हाच. तरीही निर्ढावलेला जीवाणू तिच्याच वाट्याला आला.

कारण हा व्यवहार एका माणसाच्या वागण्यावर चालत नाही. जीवाणू पाण्यातून, हातांवरून, दवाखान्याच्या खाटेवरून, जनावरांकडून फिरतात. कोंबड्यांच्या खाद्यातून कॉलिस्टिनसारखं शेवटच्या फळीतलं औषध दिलं जायचं. त्यावर भारतात बंदी आली ती २०१९ मध्ये. आमच्या गावावरून जाणारा हायवे पुढे दोनशेहून जास्त किलोमीटरवर पटनचेरूला पोचतो. तिथल्या औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे शुद्ध होतं, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडनच्या संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. हा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं त्यापेक्षाही हे प्रमाण जास्त आहे. त्या पाण्यातल्या जीवाणूंना कोण प्रश्नावली देणार?

२०१९ या एका वर्षात भारतात निर्ढावलेल्या जीवाणूंमुळे थेट सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू झाले, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. अणदूरसारखी गावं मनातल्या मनात एकाशेजारी एक मांडा आणि मोजा. इतक्या मोठ्या संकटावर ‘तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं’ हा प्रश्न विचारणं मला उद्धटपणाचं वाटतं.

मणी सरकवणाऱ्या बायका

कुणी म्हणेल, टीका सोपी आहे. मोजायचं तरी काय? उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीत आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनियाने मरणाऱ्या लहान मुलांसाठी एक धाडस केलं. अँटीबायोटिक त्यांनी गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि दायांच्या हातात दिलं. यातल्या कित्येक बायका निरक्षर. त्यांना ‘तुम्हाला खात्री आहे का’ असं विचारत बसले नाहीत. त्यांच्या हाती एक साधं उपकरण दिलं : एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध द्यायचं. नाही सरकला, तर द्यायचं नाही. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

निकाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. या लोकांनी हाताळलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. शेजारच्या, हा उपक्रम नसलेल्या भागात हेच प्रमाण १३.५ टक्के होतं.

या बायकांकडे कुठलं ज्ञान होतं? जीवाणू आणि विषाणू यांतला फरक विचारला असता, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत त्या बहुधा नापास झाल्या असत्या. तरी अँटीबायोटिकचा त्यांच्याइतका योग्य वापर क्वचितच कुणी केला असेल. कारण त्यांना गोळी दिली, गोळी कधी द्यायची नाही हे सांगणारा मणीही दिला, आणि मागे उभी राहणारी व्यवस्था दिली. आमच्या अणदूरलाही हा धागा आहे. डॉ. शशिकांत अहंकारी, डॉ. शुभांगी अहंकारी आणि सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ उभ्या केल्या. दाराशी येऊन तब्येत विचारणारी, ओळखीची, आपल्याच भाषेत बोलणारी बाई ही कुठल्याही पोस्टरपेक्षा मोठी गोष्ट आहे.

मुंबई, दिल्ली आणि पाटण्यात २०१४-१५ मध्ये झालेला अभ्यासही असाच डोळे उघडणारा आहे. संशोधकांनी नाटकातल्यासारखे तयार केलेले ‘रुग्ण’ मेडिकल दुकानांत पाठवले. टीबीची लक्षणं सांगणाऱ्याला ३७ टक्के वेळा अँटीबायोटिक दिलं गेलं. दुसरा रुग्ण हातात टीबीचा तपासणी अहवाल घेऊन गेला. तेव्हा हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. दुकानदारांची तीच जमात. बदललं काय? हातात कागद आला. आजार काय आहे हे कळलं की अंधारात गोळी मारायची गरज कमी होते.

इंग्लंडमधलाही एक प्रयोग सांगतो. २०१४ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जास्त अँटीबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना पत्र धाडलं : तुमच्या भागातल्या ८० टक्के दवाखान्यांपेक्षा तुम्ही जास्त लिहिता. एवढ्या एका पत्राने त्यांचं प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रयोगात रुग्णांसाठी पत्रकं आणि पोस्टरंही वाटून पाहिली. त्यांचा लक्षात घेण्याजोगा परिणाम दिसला नाही.

गडचिरोली, मुंबई, इंग्लंड. तिन्ही ठिकाणी मोजलं ते कृत्य. खात्री कुणीच मोजली नाही.

म्हणजे लोकांना काही सांगायचंच नाही?

सांगायचं. जरूर सांगायचं. लोक अडाणी राहिले तरी चालेल, असं मी म्हणत नाही. पण आधी सांगायची सोय करा, मग परीक्षा घ्या. औषधाच्या पाकिटावर नाव इंग्रजीत, तेही बारीक अक्षरांत. तीन रंगांच्या तीन गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळतात, नावाशिवाय. यातली अँटीबायोटिक कुठली, हे पदवीधरालाही सांगता येणार नाही. खरंच पाहणी करायची असेल तर खऱ्या गोळ्यांची पिशवी घेऊन दारोदार जा, त्या ओट्यावर मांडा आणि विचारा : यातल्या कुठल्या ओळखता, कुठल्या घेतल्या, कुणी दिल्या, किती पैसे पडले? आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या काही अभ्यासांत हे केलं गेलं आहे. त्यातून जे कळतं ते पाच गोलांतून शंभर वर्षांत कळणार नाही.

आणि हे मोजा : तालुक्यातल्या किती मेडिकलमध्ये एच-वनचं रजिस्टर खरंच भरलं जातं. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस ते वर्षातून किती वेळा बघतो. केरळने जानेवारी २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ या नावाने दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या. आपल्याकडे असं काही कधी सुरू होणार, हे विचारा. जवळच्या सरकारी दवाखान्यात कल्चर तपासणी होते का, अहवाल किती दिवसांनी येतो. प्रत्येक डॉक्टरच्या शंभर चिठ्ठ्यांत अँटीबायोटिक किती, आणि त्या डॉक्टरला स्वतःला तो आकडा कुणी दाखवतं का. साधी अमॉक्सिसिलिन प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातले किती दिवस उपलब्ध असते. कारण जिथे साधं औषध नसतं, तिथे माणूस भारी औषधाकडे वळतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत माणसांसाठी वापरायच्या अँटीबायोटिकपैकी ७० टक्के या साध्या, पहिल्या फळीतली असावीत. हे ध्येय माझ्या मोठ्या आईच्या खात्रीने गाठलं जाणार आहे का?

याच देशाने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा केला. पेनिसिलिन ही धरण-रस्त्यांसारखी सार्वजनिक गोष्ट आहे, हे तेव्हा मान्य होतं. ऑफिसला जाताना पिंपरीवरून जातो तेव्हा वाटतं, तिथून आपण ‘तुम्हीच नीट वागा’ इथवर कसे आलो? व्यवस्थेने करायचं काम माणसाच्या सद्गुणावर ढकललं की ते फुकटात होतं. पोस्टर स्वस्त पडतं, प्रयोगशाळा महाग. प्रश्नावली स्वस्त पडते, निरीक्षक महाग.

खात्रीचा एकच प्रकार मला मोजण्याजोगा वाटतो, आणि तो कुठल्याच फॉर्मवर मी पाहिलेला नाही. डॉक्टरसमोर बसून, मान वर करून, तीन प्रश्न विचारण्याची खात्री : यात अँटीबायोटिक कुठली? ती कशासाठी? दोन दिवस नाही घेतली आणि वाट बघितली तर चालेल का? पुण्यातल्या कॅबिनमध्ये माझ्यासारखा इंग्रजी बोलणारा इंजिनिअर हे सहज विचारतो आणि डॉक्टर हसून उत्तर देतात. गावातल्या बाईने हेच विचारलं तर ‘डॉक्टर तू का मी?’ असं ऐकावं लागतं. त्या बाईला उत्तर मिळतं की नाही, ते बघा. ते उत्तर डॉक्टरच्या, दुकानदाराच्या आणि सरकारच्या खात्यात मोजा.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन आहे आणि गावाकडे कुणीतरी आहे. पुढच्या वेळी घरून ‘घसा धरलाय, कुठली गोळी घेऊ’ असा फोन आला तर गोळीचं नाव सांगू नका. दवाखान्यात सोबत जा, किंवा फोनवरून ते तीन प्रश्न विचारा. मेडिकलमध्ये बिल मागा. चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम दिलं तर ‘रजिस्टरमध्ये लिहिलं का?’ असं विचारा. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू द्या. आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो, आणि ज्यांचं काम तो विचारण्याचं आहे ते आपली खात्री मोजण्यात गुंतलेले आहेत.